‘शंभरातले दहाच पोहोचतात’ या फॉरवर्डचा जमाखर्च

मार्च आला की तो मेसेज पुन्हा फिरू लागतो. यंदा आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला आणि त्याला भरपूर अंगठे मिळाले. मजकूर साधारण असा: एनजीओला शंभर रुपये दिले तर गरिबापर्यंत दहाच पोहोचतात, बाकीचे पगार आणि ऑफिसात जातात, या संस्था परदेशी पैशावर पोसलेल्या, त्यांना हिशेब विचारणारं कुणी नाही, श्रीमंत लोक देणगी देऊन कर वाचवतात, तेव्हा द्यायचं तर थेट गरिबाच्या हातात द्या. मी मुंबईतल्या काही लहान संस्थांची हिशेबाची पुस्तकं लिहितो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी पगार, कारण सगळी मेख तिथेच आहे. दहाचा आकडा आला कुठून, हे मेसेज सांगत नाही. ते सोडून देऊ. गोवंडीच्या शिवाजीनगरात एक बालवाडी चालवायची आहे असं धरा. खोलीचं भाडं आणि डिपॉझिट. एक शिक्षिका, एक मदतनीस. लाइट बिल, पिण्याचं पाणी, चटया, खडू, रंगीत कागद, मुलांचा खाऊ. शिक्षिकेला शिकवणारी आणि अधूनमधून वर्गात येऊन बसणारी एक सुपरवायझर. पावत्या फाडणारा, बँकेत जाणारा, टीडीएस भरणारा एक माणूस. यातलं गरिबापर्यंत पोहोचलं काय? मेसेजच्या हिशेबाने खाऊ, आणि फार तर खडू. बाकी सगळं ‘खाल्लं’. पण शिक्षिका वजा केली तर मागे उरते बिस्किटं वाटायची खोली, आणि भाडं वजा केलं तर तीही उरत नाही. शिवाय ती शिक्षिका बहुतेक वेळा त्याच वस्तीतली असते, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नसतं. केईएममधल्या डॉक्टरचा पगार बाजूला ठेवून फक्त गोळ्यांनाच उपचार म्हणावं, तसला हा हिशेब आहे.

कायद्यालाही हे मान्य आहे, आणि तेही परदेशी देणग्यांच्या सर्वांत कडक कायद्याला. एफसीआरए या त्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. पण याच कायद्याच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की संस्थेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा आणि शाळेतल्या शिक्षकांचा पगार प्रशासकीय खर्चात धरायचा नाही.

मग टक्केवारी तरी बघायची की नाही? जरूर बघा, पण ती कशी बनते ते ठाऊक असू द्या. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाचं, म्हणजे ट्रस्टचं, उत्पन्न-खर्चाचं पत्रक ठरलेल्या नमुन्यात असतं, अनुसूची नऊ. त्यात आस्थापना खर्च, म्हणजे ऑफिस चालवायचा खर्च, वेगळा, विश्वस्तांचं मानधन वेगळं आणि न्यासाच्या उद्दिष्टांवरचा खर्च वेगळा. आमच्या बालवाडीच्या सुपरवायझरचा पगार एक सीए आस्थापनेत टाकेल, दुसरा उद्दिष्टांत, आणि दोघांकडेही कारण असेल. तेवढ्यावर एक संस्था ‘काटकसरी’ आणि दुसरी ‘उधळी’ ठरते. मला विचाराल तर मी आधी विश्वस्तांच्या मानधनाची ओळ बघतो. घरातलेच चार विश्वस्त आणि त्या ओळीत जाडजूड आकडा, मग पुढे वाचायची गरज नाही.

याच संदर्भात ‘सरकारचाच नियम आहे, ८५ टक्के गरिबांवर आणि १५ टक्केच ऑफिसवर’ हेही ऐकू येतं. तसा नियम नाही. प्राप्तिकरातून सूट हवी असेल तर संस्थेने वर्षाच्या उत्पन्नातले किमान ८५ टक्के आपल्या उद्दिष्टांसाठी वापरायचे असतात. त्यात कामासाठी लागणारे पगार आणि भाडंही आलं. उरलेले १५ टक्के शिल्लक टाकता येतात. मर्यादा साठवण्यावर आहे.

दुसरा गैरसमज तर कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठी पैसे देणाऱ्या, विभागातले लोकच पसरवतात: ‘पाच टक्क्यांच्या वर ॲडमिन, म्हणजे प्रशासकीय खर्च, आम्हाला देताच येत नाही.’ ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर कारभारावर करायच्या खर्चाला आहे. संस्थेच्या भाड्याशी तिचा संबंध नाही. पण बीकेसीतल्या एसी मीटिंग रूममध्ये हे कोण बोलणार? पुढचा हप्ता अजून यायचा असतो. मग भाडं ‘समुदाय केंद्र’ या मथळ्याखाली जातं, अकाउंटंटचा अर्धा पगार ‘प्रकल्प समन्वय’ होतो, आणि कागदावर ॲडमिन चार टक्के. हा लपंडाव मला अजिबात पसंत नाही, पण तो सुरू होतो पैसे देणाऱ्याच्या हट्टापायी. आणि हप्ता तरी कधी येतो? आधीचा पैसा खर्च केल्याचा दाखला, म्हणजे यूसी, पोहोचल्यावर, आणि त्यावर कंपनीत सह्या झाल्यावर. तोवर एप्रिल-मेचे पगार रखडतात. गंगाजळी नसलेल्या संस्थेतली चांगली माणसं अशा वेळी सोडून जातात, आणि हिशेब ठेवणारा बहुधा त्यात पहिला असतो.

परदेशी पैसा घ्यायला एफसीआरए नोंदणी लागते, आणि ती अगदी थोड्या संस्थांकडे आहे. ज्यांच्याकडे आहे त्यांचा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्याच खात्यात उतरतो, मग संस्था मुंबईची असो की मणिपूरची. २०२० पासून तो दुसऱ्या संस्थेला पुढे देताही येत नाही. त्याचा फटका वस्तीतल्या लहान संस्थांना बसला. त्यांना मोठ्या संस्थांमार्फत मिळणारी मदत थांबली.

देणगी देऊन कर वाचतो, पण किती? ‘८०जी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देणगीवरच्या सवलतीखाली बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीची निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही जुनी करप्रणाली निवडली तरच. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने दहा हजार दिले तर सेस सोडून दीड हजार वाचले. साडेआठ हजार त्याच्या खिशातून गेलेच. दोन हजारांच्या वर रोख दिले तर तेही नाही. असा धंदा करून कुणी श्रीमंत होत असेल तर मला भेटवा.

थेट हातात द्या, हे मात्र मला पटतं. अर्धं. परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर बाहेरगावचे पेशंट आणि नातेवाईक बसलेले असतात. त्यांना जेवण द्या, गावच्या तिकिटाचे पैसे द्या, उत्तमच. पण केमोच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत राहायला खोली, कोणत्या योजनेचा अर्ज कुठे करायचा हे सांगणारा माणूस, घरी जाऊन वेदना सांभाळणारी नर्स, हे खिशातून काढून हातावर ठेवता येत नाही. त्यासाठी कुणाला तरी महिन्याचा पगार द्यावा लागतो.

राहिला प्रश्न हिशेब कुणी विचारत नाही हा. बोगस संस्था आहेत, नुसत्या कागदावरच्याही पुष्कळ आहेत. पण विचारायची सोय आहे. न्यासाचे हिशेब ऑडिट होऊन धर्मादाय आयुक्तांकडे जातात. मुंबईतलं कार्यालय वरळीला आहे. देणगी देण्याआधी नोंदणी क्रमांक मागा, गेल्या तीन वर्षांची पत्रकं मागा, आणि देणगी दिल्यावर प्राप्तिकर पोर्टलवरून निघालेलं प्रमाणपत्र मागा, नुसती छापील पावती नको. बरी संस्था पत्रकं लगेच पाठवते. जी आठवडाभर ‘सरांना विचारून सांगतो’ म्हणत राहते, तिच्यासाठी तुमचा तो फॉरवर्ड खुशाल राखून ठेवा.