राजा नको, पण राजाचं मुंडकंही नको

जोतिबांनी तरुणपणी थॉमस पेन या इंग्रज लेखकाचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं होतं, एवढ्या एका वाक्यावरून काल आमचा कट्टा पेटला. गंज पेठेतला कट्टा, फुलेवाडा हाकेच्या अंतरावर. इथं या विषयावर गप्प कोण बसणार?

परश्या लगेच म्हणाला, "वाचलं असेल, पण पेन म्हणजे उचापती माणूस रे. इंग्लंडात अबकारी खात्यानं दोनदा हाकललेला. सदतिसाव्या वर्षी अमेरिकेत उतरतो आणि दीड वर्षाच्या आत तिथल्या लोकांना सांगतो, राजा कशाला पाहिजे?"

"सांगितलं कसं ते बघ ना," नाना म्हणाले. नानांची हयात छापखान्यात खिळे जुळवण्यात गेली. "'कॉमन सेन्स', जानेवारी १७७६. वर लेखकाचं नाव नाही. पन्नास पानांच्या आतलं चोपडं. त्यात म्हणतो, एवढ्याशा बेटानं अख्ख्या खंडावर कायम राज्य करायचं, हे कुठल्या हिशेबात बसतं? शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत. आणि स्वतःच्या वाट्याचा नफा कशाला दिला? सैनिकांच्या हातमोज्यांना!"

"नाना, मोजे राहू द्या. फ्रान्समध्ये काय केलं ते सांगा," परश्या हटेना.

हे मिलिंदच्या आवडीचं. "१७९२ ला तिथल्या सभागृहात निवडून गेला. फ्रेंच धड येत नाही. जानेवारी १७९३ मध्ये सोळाव्या लुईला मारायचं की नाही, यावर हा नुसता उभा, भाषणाचा तर्जुमा वाचतोय दुसराच. म्हणणं काय, तर राजेशाही संपवा, माणूस मारू नका. लुईनं अमेरिकेला मदत केलीय, त्याला तिकडंच पाठवून द्या. ज्याँ-पॉल मारा नावाचा जहाल पुढारी मध्येच ओरडला, हा क्वेकर आहे, म्हणजे देहदंड न मानणाऱ्या पंथातला, याचं मत धरू नका!"

"म्हणजे मूर्खपणाच," परश्या म्हणाला. "जन्मभर राजांना शिव्या घालायच्या आणि ऐन वेळी राजाची वकिली. मग टाकलाच ना तुरुंगात?"

टाकला. १७९३ च्या डिसेंबरअखेर, दहा महिने. तिथली एक गोष्ट त्यानंच लिहून ठेवलीय. ज्यांना गिलोटिनवर न्यायचं, त्यांच्या दारावर रात्री खडूनं खूण व्हायची. पेन तापानं फणफणलेला, म्हणून दार बाहेरच्या अंगाला सताड उघडं होतं. खूण पडली दाराच्या आतल्या बाजूला. नंतर दार लागलं, खूण आत गेली, नेणारे पुढं निघून गेले.

मिनिटभर कुणी बोललं नाही. मला विचाराल तर परश्याला इथं मुद्दा कळलाच नाही. राजाचा जीव वाचवायला उभा राहिला, म्हणूनच त्याचा राजेशाहीवरचा राग खरा वाटतो. पण परश्याही अगदीच चूक नाही, कारण माणसं तोडण्यात पेनचा हात कुणी धरला नसता. तुरुंगात असताना सोडवलं नाही म्हणून वॉशिंग्टनला जाहीर पत्र लिहून झोडपला, धर्मावर लिहून उरलेले दुखावले. १८०९ मध्ये गेला तेव्हा अंत्ययात्रेला माणसं जेमतेम सहा. दहा वर्षांनी विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकारानं हाडं उकरून इंग्लंडला नेली, स्मारक बांधू म्हणून. स्मारक झालं नाही, हाडंही हरवली.

"आणि ते हातमोजे?" परश्यानं शेवटी विचारलंच.

"छापखानेवाला म्हणाला, नफाच झाला नाही," नाना म्हणाले. "तो कधी झालाय म्हणतो?"