मागच्या रांगेतल्या सद्गृहस्थांस

आज दुपारी 'इंटरस्टेलर' पाहून आले आणि चहाही न ठेवता हे लिहायला बसले आहे, कारण राग अजून उतरलेला नाही. २०१४ साली आलेला हा चित्रपट या महिन्यात आपल्याकडे मोठ्या पडद्यावर पुन्हा लागला आहे. पूर्वी तो घरच्या टीव्हीवरच पाहिला होता, म्हणून या वेळी अर्ध्या दिवसाची रजा टाकून, तिकिटाची किंमत नवऱ्याला न सांगता गेले होते.

ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो प्रसंग आठवत असेल. कृष्णविवराजवळच्या, म्हणजे प्रकाशालाही निसटू न देणाऱ्या प्रचंड गुरुत्वाकर्षणाजवळच्या, पाण्याने भरलेल्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे. तिथे जेमतेम काही तास काढून कूपर, म्हणजे मुलांना पृथ्वीवर ठेवून निघालेला अंतराळवीर बाप, यानात परततो, तोवर इकडे तेवीस वर्षे उलटलेली असतात. साठून राहिलेले निरोप तो एकामागून एक पाहू लागतो. शाळकरी म्हणून सोडून आलेला मुलगा डोळ्यांदेखत तरुण होतो, त्याचे लग्न होते, बाळ होते, ते बाळ जाते, आणि शेवटी तो थकलेल्या आवाजात सांगतो की तुम्ही परत येणार नाही असे आता धरून चालतो. चित्रपटगृहात पूर्ण शांतता होती. नेमक्या त्या वेळी मागच्या रांगेतले सद्गृहस्थ शेजारच्या मित्राला ठणठणीत आवाजात म्हणाले, "आता थोडा वेळ नुसती रडारड आहे, सायन्स नंतर येते. तू तोवर पॉपकॉर्न घेऊन ये." मित्र उठला, आमच्या रांगेला मोबाइलचा उजेड दाखवत गेला आणि पॉपकॉर्न घेऊन परतही आला.

सद्गृहस्थ, ते सायन्सच होते! तुम्ही ज्याला रडारड म्हणालात तीच त्या गणिताची अखेरची ओळ होती. गुरुत्वाकर्षण तीव्र असेल तिथे काळ संथ चालतो, हे वाक्य आपण सगळ्यांनी मासिकांत दहा वेळा वाचलेले आहे आणि दहाही वेळा मान डोलावून पान उलटले आहे. त्या वाक्याची किंमत एखाद्या बापाला काय पडते, हे दाखवण्यासाठीच इतका खर्च करून चित्रपट काढायचा असतो. किप थॉर्न यांच्यासारखा, पुढे २०१७ साली नोबेल मिळवणारा शास्त्रज्ञ ज्या चित्रपटाच्या पाठीशी उभा होता, त्यातले विज्ञान काय फक्त कृष्णविवराभोवतीच्या झगमगत्या कड्यात आहे?

मी हे इतके मनाला लावून का घेते, ते सांगते. माझे आप्पा मस्कतला होते. आम्ही चिपळूणजवळच्या गावी, ते तिकडे, आणि दोन वर्षांतून एकदा रजा. पत्राला दिवसच्या दिवस लागत, फोन गावात पोस्टातच होता. म्हणून आप्पांनी पहिल्या रजेत टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेला, आणून ठेवला, आणि गावातले कुणी मस्कतला निघाले की आई आम्हा भावंडांना पडवीत बसवून कॅसेट भरत असे. भाऊ पाढे म्हणायचा, आजी पावसाचे आणि म्हशीचे सांगायची. मी नऊ वर्षांची होते आणि बोलत नव्हते. त्या साली आप्पा गणपतीला येतो म्हणाले होते आणि आले नव्हते, एवढेच कारण. आई म्हणायची, "बोल गं, टेप फिरतेय," आणि मी ओठ घट्ट मिटून बसायची. असे वर्षभर चालले.

चित्रपटातली मर्फ, म्हणजे कूपरची मुलगी, तीही बोलत नाही. तेवीस वर्षांच्या त्या निरोपांत तिचा निरोपच नसतो. बाप निघाला त्या वयाची ती झाल्यावर, वाढदिवसाच्या दिवशी, ती पहिल्यांदा पडद्यावर येते, रागावलेलीच येते. त्या वेळी मागून पॉपकॉर्न चावण्याचा आवाज येत होता.

आपल्याकडे चित्रपटांची एक विचित्र वाटणी झालेली आहे. कौटुंबिक आणि रडके ते बायकांचे, यान आणि स्फोट ते पुरुषांचे आणि पोरांचे. मैत्रिणींना 'अरायव्हल' पाहा म्हणून सांगितले, तर त्या म्हणाल्या, परग्रहवासी वगैरे आम्हाला नको. आणि ज्या भाच्याने परग्रहवासी आहेत म्हणून तो पाहिला, तो म्हणाला की मावशी, त्यात लढाईच नाही. अरे, नाहीच! त्यात एक भाषातज्ज्ञ बाई आहे, आणि पाहुण्यांची भाषा शिकता शिकता पुढचे आयुष्य आधीच दिसू लागल्यावर, जी मुलगी आजाराने जाणार हे तिला ठाऊक आहे त्या मुलीला ती तरीही जन्म देते. यापेक्षा घरगुती गोष्ट कोणती असू शकते?

मला तर या दोन जातींत फरकच दिसत नाही. २००४ साली आलेला आपला 'श्वास' घ्या. त्यात कुणी खलनायक नाही. डॉक्टर भला आहे, आजोबा भले आहेत, पण नातवाच्या डोळ्यांतला कर्करोग कुणाचेही ऐकत नाही. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. मग आजोबा शस्त्रक्रियेआधी त्याला रुग्णालयातून बाहेर नेतात, डोळे भरून जग पाहून घ्यावे म्हणून. ज्याच्याशी घासाघीस करता येत नाही असा निसर्गाचा नियम आणि त्याच्यासमोर उभे असलेले एक माणूस, एवढ्यावरच दोन्ही चित्रपट उभे आहेत. एकात कर्करोग आहे, दुसऱ्यात कृष्णविवर. शिवाय कृष्णविवर म्हणजे आपल्याला काही परके नाही. नारळीकरांनी टोपणनावाने पाठवलेल्या 'कृष्णविवर' या कथेला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले ते १९७४ साली, म्हणजे मी जन्मण्याच्याही आधी.

आता, 'इंटरस्टेलर'मधले सगळे काही उत्तम आहे असे मी म्हणत नाही. पुस्तकांच्या कपाटामागे घडणारा शेवट मला आजही पटला नाही, प्रेमाविषयीचे ते भाषण नसते तर चालले असते, आणि ऑर्गनच्या आवाजात निम्मे संवाद बुडून जातात. मान्य. हेही मान्य की पैसे मोजून आलेल्या माणसाला कुठे रडावे याची सक्ती करता येत नाही. मागचे सद्गृहस्थ कदाचित चार वेळा पाहून आले असतील, आणि तो प्रसंग शांतपणे झेलता येत नाही म्हणूनही बोलले असतील. पुरुषांना तशी सवय असते. पण मग बाहेर जाऊन बोलावे.

मागे टीव्हीवर हा चित्रपट लागला होता तेव्हा आप्पा शेजारी बसले होते. इंग्रजी त्यांना फारसे कळले नाही, पण निरोपांचा प्रसंग बरोबर कळला. तो संपल्यावर ते एवढेच म्हणाले, "ह्याला निदान पोरं दिसत तरी होती."

इथवर लिहून झाल्यावर आत्ता गावी आप्पांना फोन केला. त्या कॅसेटी कुठे ठेवल्या आहेत, ते विचारायचे होते. माझ्या डोक्यात माळ्यावरचा एखादा खोका होता. ते हसायलाच लागले. खोका कसला, कॅसेट एकच होती. आमची ऐकून झाली की ते तिच्यावरच आपले उत्तर भरायचे आणि गावी निघालेल्या कुणाच्या तरी हाती द्यायचे, आणि आई तिच्यावर पुन्हा आमचे भरायची. सहा-सात वर्षे ती एकच कॅसेट ये-जा करत होती. मी म्हटले, "म्हणजे मी बोलत नव्हते, ते सगळे पुसले गेले."

"पुसायच्या आधी ऐकलं की मी," आप्पा म्हणाले. "तू झोपाळ्यावर बसून मुद्दाम कडी वाजवत होतीस."