दंड करून काय मिळणार? आधी जोडू द्या!

दरवर्षी नवा फोन येतो आणि त्यात नवं काय आहे हे जाहिरात बघितल्याशिवाय कळत नाही. यावर दोन ठरलेली मतं ऐकू येतात. एक, शोधण्यासारखं आता काही उरलंच नाही. दुसरं, या बड्या कंपन्यांचे तुकडे करा. मला दोन्ही पटत नाहीत. माझं म्हणणं एवढंच, बड्यांच्या यंत्रणेला इतरांना आपली वस्तू जोडू द्या, नवं आपोआप येईल.

अमेरिकेत एकेकाळी टेलिफोन म्हणजे एटी अँड टी. तारा त्यांच्या, एक्स्चेंज त्यांचं, घरातला फोनसुद्धा त्यांचाच, भाड्याने दिलेला. त्याला बाहेरची कुठलीही वस्तू जोडायला बंदी. हश-अ-फोन नावाचा एक कपासारखा प्रकार होता. फोनच्या तोंडाशी बसवला की आपलं बोलणं शेजारच्याला ऐकू जात नसे. ना वीज, ना वायर. त्यावरही कंपनीने आक्षेप घेतला! १९५६ मध्ये अपील कोर्टात कपवाला जिंकला. पुढे टेक्सासच्या टॉम कार्टरने वायरलेस रेडिओ टेलिफोनला जोडणारा ‘कार्टरफोन’ बनवला, दूर तेलविहिरींवरच्या लोकांना फोनवर बोलता यावं म्हणून. कंपनीचं पालुपद तेच, नेटवर्क बिघडेल. १९६८ मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे एफसीसीने सांगितलं, नेटवर्कला अपाय होत नसेल तर खुशाल जोडा. त्यातूनच पुढे आन्सरिंग मशीन, फॅक्स आणि मोडेम (कॉम्प्युटर फोनच्या तारेला जोडणारं यंत्र) यांचा बाजार खुला झाला. घरोघरी इंटरनेट पोचलं ते आधी मोडेममधूनच. निकाल देणाऱ्यांपैकी कुणाला हे स्वप्नात तरी दिसलं असेल का? आणि एटी अँड टी फुटली ती थेट १९८४ मध्ये.

आता डिसेंबर २०२३ मध्ये या. बीपर मिनी नावाचं ॲप अँड्रॉइडवरून आयमेसेज, म्हणजे ॲपलच्या सेवेतले मेसेज, पाठवू लागलं आणि काही दिवसांतच ॲपलने त्याची वाट बंद केली. कारण सुरक्षेचं. सुरक्षेचा मुद्दा अगदीच खोटा नाही, पण ‘नेटवर्क बिघडेल’ हेही अगदीच खोटं नव्हतं. प्रश्न एवढाच की ते ठरवायचं कुणी.

पैशाची गोष्ट तर आणखी मजेशीर. ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये आपलंच सर्च आधीपासून बसलेलं असावं म्हणून गूगलने २०२२ मध्ये ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले. नवं सर्च इंजिन काढायची ऐपत असलेल्या मोजक्या कंपन्यांपैकी एकीला घरबसल्या एवढं मिळत असेल तर ती कशाला खटाटोप करेल? अमेरिकेतले न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी गूगलला क्रोम ब्राउझर विकायला लावलं नाही म्हणून बरेच जण चिडले. मला खटकलं ते वेगळंच: फक्त आपलंच सर्च ठेवा, ही अट घालायला बंदी आली, पण पैसे देणं चालूच राहिलं.

(बड्या कंपन्या नवं काही करतच नाहीत असंही नाही. ॲपलची २०२० ची एम१ ही कॉम्प्युटरची चिप हे मोठ्या कंपनीतूनच आलेलं अस्सल नवं काम. ते नाकारण्यात अर्थ नाही.)

एप्रिल २०२५ मध्ये युरोपने ॲपलला ५० कोटी युरोंचा दंड केला, त्याच्या बातम्या झाल्या. पण एवढी रक्कम ॲपलच्या खिजगणतीत तरी असेल का? त्याच्या आदल्याच महिन्यात युरोपने इतर कंपन्यांची घड्याळं आणि हेडफोन आयफोनशी नीट जुळले पाहिजेत असा आदेश काढला होता, त्याची चर्चा जवळपास नाहीच. माझ्या मते खरं काम ते. ॲपल म्हणतं, अशा नियमांमुळे काही सोयी युरोपात उशिरा द्याव्या लागतात. आयफोन मिररिंग, म्हणजे आयफोनचा स्क्रीन मॅकवर दाखवण्याची सोय, २०२४ मध्ये तिथे दिलीच नाही. मी तिथला ग्राहक असतो तर थांबलो असतो.