वाढत्या पायाच्या फिन्स

माझे दोन्ही पाय सख्खे भाऊ नाहीत, चुलत असावेत. डावा आठ नंबरचा, उजवा साडेआठचा, आणि पुढच्या बाजूला दोघेही हातपंख्यासारखे पसरलेले. त्यामुळे पायात काहीही घालायचं म्हटलं की आमच्या घरी पूर्वीपासून पंचायत बसते.

लहानपणी जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या बुटांची खरेदी असायची. दुकानदार म्हणायचा, "चार नंबर एकदम बरोबर बसतोय." आई त्याच्याकडे दुर्लक्ष करून खाली वाकायची आणि बुटाचं टोक अंगठ्याने दाबायची. तिच्या अंगठ्याला माझं बोट लागलं की बूट नापास. "वाढता पाय आहे, पाच द्या." मग उरलेल्या जागेत कापूस. पाय वाढून बुटाएवढा होईपर्यंत बुटाचा तळ गेलेला असायचा. म्हणजे बुटाची आणि माझी योग्य मापात गाठ अशी कधी पडलीच नाही.

ही पूर्वपीठिका एवढ्यासाठी सांगितली, की सत्तेचाळिसाव्या वर्षी मला स्कूबा डायव्हिंगचं वेड लागलं.

सुरुवात अर्थातच मालवणला झाली. सहकुटुंब गेलो होतो, मासे खाऊन झाले होते, आता मासे बघू म्हटलं. त्या पहिल्या डाइव्हला मला फिन्स, म्हणजे पायात घालायची लांब पात्याची रबरी वल्ही, दिल्याच नव्हत्या. इन्स्ट्रक्टरने मागून माझा सिलिंडर धरला आणि भाजीची हातगाडी ढकलावी तसं मला अर्धा तास पाण्याखालून फिरवलं. वर आल्यावर मी जरा ऐटीत विचारलं, "मला फिन्स का नाही दिल्या?" होडीवाला म्हणाला, "काका, तुमका फिन्स दिल्यार तुमी खय जाशात, ता कोणाक ठाऊक!"

हे लागलं. पुण्याला आलो आणि रीतसर कोर्सला नाव घातलं.

कोर्सचा पहिला धडा तरणतलावात. काठावर एक प्लास्टिकचा क्रेट आणि त्यात भाड्याच्या फिन्स, मंडईतल्या शेवग्याच्या शेंगांसारख्या आडव्यातिडव्या. या फिन्स पूर्ण पायाच्या होत्या, म्हणजे टाच आत जाते आणि अनवाणी घालायच्या. इन्स्ट्रक्टरने माझ्या पायाकडे एक नजर टाकून सांगितलं, "बेचाळीस-त्रेचाळीस घ्या." माझा हात आपोआप चव्वेचाळीस-पंचेचाळीसकडे गेला. आईचा अंगठा थेट मेंदूत बसलाय, त्याला मी काय करणार?

फिन्स घालून पुढे चालता येत नाही, हे पहिल्याच पावलाला कळलं. पातं दुमडतं आणि माणूस साष्टांग नमस्कार घालतो. उलटं चालायचं असतं. गाभाऱ्यातून निघताना देवाला पाठ न दाखवता मागे सरकतो ना, तसं. मी अत्यंत भक्तिभावाने मागे सरकत सरकत तलावात पडलो.

कोरडं असताना जे रबर पायाला घट्ट धरतं, ते ओलं झालं की साबणासारखं निसटतं. फिन सुटू नये म्हणून मी पायाची बोटं आकसून ती धरून ठेवली. ओल्या मोरीत सैल सपाता बोटांनी पकडून आपण चालतो, अगदी तसंच. पण मोरीत चार पावलं जायचं असतं, इथे तलावाच्या चार फेऱ्या होत्या. दुसऱ्या फेरीत उजव्या पोटरीत असा गोळा आला, की नळी तोंडात असूनही मी कुलदैवताचं नाव स्पष्ट उच्चारलं. अशा वेळी फिनचं टोक हाताने धरून आपल्याकडे ओढायचं आणि गुडघा सरळ करायचा म्हणजे पोटरी ताणली जाते आणि गोळा उतरतो. मी हे केलं. गोळा उतरला. तेवढ्यात डाव्या पायाची फिनही उतरली.

एका पायात फिन आणि एक पाय उघडा, अशा अवस्थेत जोर लावला तर माणूस सरळ जात नाही. घाण्याच्या बैलासारखा एकाच जागी गोल गोल फिरतो. मी तिसरी प्रदक्षिणा घालत असताना पलीकडच्या बॅचमधली आठ-नऊ वर्षांची मुलगी पोहत आली. "काका, तुमचा पाय निघाला," असं म्हणून तिने फिन माझ्या हातात दिली.

पुढच्या वेळी अद्दल घडल्याप्रमाणे मी एक्केचाळीस घेतल्या. त्या निसटल्या नाहीत, निघाल्याही नाहीत. शेवटी दोघांनी मिळून उपटल्या. करंगळ्या जांभळ्या पडल्या होत्या आणि टाचेवर लाल रेघ होती. चप्पल 'चावते' हे आपल्या भाषेत किती नेमकं आहे, ते त्या रात्री बायको मलम लावत असताना पटलं. ती लावत होती आणि मी मोबाइलवर फिन्सचा इतिहास वाचत होतो. अमेरिकेचा मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन याने पोरवयात पोहण्यासाठी हाताला लाकडी फळ्या घेतल्या, तळपायांनाही सपातांसारखं काहीतरी बांधून पाहिलं, पण त्याचं समाधान झालं नाही. पोहताना जोर नुसत्या तळव्याचा नसतो, पायाची आतली बाजू आणि घोटाही कामाला येतो, असं त्याच्या लक्षात आलं. त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षांनी, 1933 साली, फ्रेंच नौदलातल्या लुई द कोर्ल्यूने फिन्सचं पेटंट घेतलं.

"फ्रँकलिनलासुद्धा बसल्या नव्हत्या," मी बायकोला म्हणालो.

"त्याच्या बायकोला मलम लावावं लागलं का, ते बघा," ती म्हणाली.

शेवटी स्वतःच्याच घ्यायच्या ठरवून मुंबईतलं एक दुकान गाठलं. मुद्दाम संध्याकाळी गेलो, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात आणि सकाळचं माप संध्याकाळी खोटं पडतं. दुकानातला पोरगा विशीतला होता. मी पाय पुढे केला तर त्याने फिन आणलीच नाही, आधी बूट आणले. जाड निओप्रीनचे, म्हणजे स्पंजासारख्या रबराचे, खाली रबरी तळ, बाजूला चेन. याला बुटी म्हणतात. उघड्या टाचेच्या फिन्स या बुटीवर घालायच्या आणि मागून पट्टा आवळायचा. मापही बुटी घालूनच बघायचं. तीन मिलीमीटर जाडीच्या बुटीवर बसलेली फिन पाच मिलीमीटरच्या बुटीवर बसेलच, असं नाही. पाय आत सरकवला आणि साडेआठचा उजवा नि आठचा डावा आयुष्यात प्रथमच एका पंगतीत शेजारी शेजारी बसले.

पट्ट्यांचे दोन प्रकार निघाले. एक रबरी, दोन बाजूंना बकल असलेला. तो दोन्हीकडून सारखा ओढावा लागतो. मी घाईत डावीकडून जास्त ओढला तर पायजम्याची नाडी एकाच बाजूने यावी, तशी गत होऊन फिन वाकडी बसली. दुसरा पट्टा स्टीलच्या स्प्रिंगचा. मागे एक कडी असते, तिच्यात बोट घालून ओढायचं, टाचेमागे सोडायचं, झालं. बकल नाही, लोंबणारी टोकं नाहीत. महाग होता. पण चाळिशीनंतर ज्याला खाली वाकून बकल लावावं लागतं, त्याने किंमत बघू नये.

"आता बसल्या बसल्या पाय उचलून हलवा," पोरगा म्हणाला. "बोटं हलली पाहिजेत, पण फिन डुगडुगली नाही पाहिजे." मी तबियतीने हलवला. शेजारच्या स्टँडवरचे तीन मास्क खाली आले. पोरगा ढिम्म. त्याने ते सवयीने उचलून ठेवले, यावरून मी पहिला नव्हतो.

सगळं जमलं होतं. तरीही माझ्या तोंडून निघालंच, "यात एक नंबर मोठं मिळेल का?"

पोरग्याने वर बघितलं आणि सरळ मनाने विचारलं, "सर, तुमचा पाय अजून वाढतोय का?"

सत्तेचाळीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी मुकाट्याने पैसे दिले.

डिसेंबरात पुन्हा मालवण. समोर सिंधुदुर्ग. 1664 साली बांधायला घेतलेल्या त्या किल्ल्यात महाराजांच्या पावलाचा ठसा जपून ठेवलाय, आणि त्याच किल्ल्याच्या समोर हा गडी हलत्या होडीत स्वतःच्या पावलाशी झटत होता. फिन्स अगदी शेवटी घालायच्या असतात. होडीच्या कडेला पाण्याकडे पाठ करून बसायचं, पट्टा मागे सोडायचा, एका हाताने मास्क दाबून धरायचा आणि उलटं कलंडायचं. कलंडलो.

"सायकल मारू नका, पाय कमरेतून हलवा," असं इन्स्ट्रक्टरने शंभर वेळा बजावलं होतं. मी कमरेतून हलवला. एका संथ फटक्यात हातभर पुढे गेलो. दुसऱ्यात आणखी पुढे. खडकावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा घोळका चरत होता, तो थोडा बाजूला झाला आणि पुन्हा चरायला लागला. त्यांच्याकडे बघता बघता किती वेळ गेला कळलं नाही. मग एकदम आठवलं, की बराच वेळ पायांची आठवणच आली नव्हती. कुठे खुपत नव्हतं, निसटत नव्हतं. मागे वळून पाहिलं. दोन्ही फिन्स जागच्या जागी होत्या.

शिडीशी आल्यावर फिन्स काढून वर दिल्या. होडीवाला तोच होता. त्याने मला ओळखलं की नाही कोण जाणे, पण फिन्स हातात तोलून म्हणाला, "आज सायकल घराक ठेवन इलात वाटता!"

घरी येऊन गोड्या पाण्याने फिन्स धुतल्या आणि गॅलरीत सावलीत आडव्या ठेवल्या. टोकावर उभ्या ठेवल्या की पाती वाकतात. आई आता ब्याऐंशीची आहे. आली, बघितलं, आणि म्हणाली, "घालून दाखव." मी बुटी चढवल्या, वर फिन्स चढवल्या आणि दिवाणखान्यातून भक्तिभावाने उलटा चालत तिच्या खुर्चीपाशी आलो. ती सावकाश खाली वाकली. फिनचा खिसा पुढून उघडा असतो, त्यातून बुटीचं टोक डोकावतं. त्यावर तिने अंगठा ठेवला आणि दाबला.

"बोट लागतंय," ती म्हणाली. मग पात्यावर एक टिचकी मारून, "पण रबर चांगलं आहे. पावसाळ्यात चालतील ना?"