आधी थंडावा, मग मोठं पातेलं

घरी बिअर करणाऱ्याला पुढची खरेदी म्हणून कुणीतरी उकळायला ५० लिटरचं स्टीलचं पातेलं सुचवलंय, ते काही पटलं नाही. एल प्रकारची बिअर आंबवणाऱ्या यीस्टला साधारण १८ ते २२ अंश मानवतात, आणि आंबवण जोरात असताना ते ज्यात चालतं ते पिंप खोलीपेक्षा दोन-चार अंश गरमच असतं. आमच्या नाशकात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. गंगापूर धरणाकडच्या वायनरीत टाक्यांना थंड द्रव फिरवणारं दुहेरी आवरण असतं, ते काय हौस म्हणून? पिंप ठेवायला जुना फ्रिज घ्या, त्याला तापमान-नियंत्रक जोडा. नियंत्रकाचा सेन्सर आत लोंबकळत सोडू नका. पिंपाला चिकटवून वर थर्माकोलचा तुकडा लावा, नाहीतर तो नुसती हवा मोजत बसतो. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, म्हणून आमची ही सगळी अक्कल मेलबर्नच्या भाच्याच्या गॅरेजात!) पातेलं काय, नंतरही येईल.