‘आवडत नसेल तर जाऊ नका’: एकमेव सुपरमार्केटच्या बचावाचा प्रतिवाद

लहान शहरात एकच सुपरमार्केट असते आणि तिथल्या रिकाम्या कप्प्यांबद्दल, लांबलेल्या रांगांबद्दल किंवा मुदत संपत आलेल्या मालाबद्दल कोणी जाहीरपणे बोलले, की एक ठरावीक उत्तर फिरू लागते. त्याचा गोषवारा असा: दुकान आवडत नसेल तर जाऊ नका, कोणी बळजबरी केलेली नाही, माल संपतो तो पुरवठादारांमुळे, या धंद्यात नफा जेमतेम दोन टक्के, त्यात याहून चांगली सेवा कुठून देणार, दुसरे दुकान येत नाही कारण शहराची तेवढी खरेदीच नाही, आणि अशीच कुरकुर चालू राहिली तर आहे तेही बंद पडेल. जाता जाता काउंटरवरच्या गरीब कर्मचाऱ्यांची आठवणही करून दिली जाते. यातील काही विधानांत तथ्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. परंतु त्यावरून जो निष्कर्ष काढला जातो, म्हणजे तक्रार करणारे रहिवासी कृतघ्न आहेत आणि त्यांनी गप्प बसावे, तो चुकीचा आहे.

‘आवडत नसेल तर जाऊ नका’ हा सल्ला जिथे दुसरीकडे जाण्याची सोय आहे तिथेच लागू पडतो. पुढच्या शहरातले दुकान तासाभराच्या अंतरावर असेल, तर तिथे कोण जाऊ शकतो याचा विचार करावा. ज्याच्याकडे वाहन आहे, मोकळा वेळ आहे आणि महिन्याभराचा माल एकदम उचलण्याइतका पैसा हातात आहे, तो जातो. वयस्कर माणसे, तान्ह्या मुलांचे आईबाप, आठवड्याच्या पगारावर घर चालवणारे आणि वाहन नसलेले लोक मागे उरतात. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 साली हीच गोष्ट फार नेमकेपणाने मांडली होती. संस्थेचा दर्जा घसरू लागला की ग्राहकापुढे दोन मार्ग असतात: निघून जाणे किंवा आवाज उठवणे. दर्जाबद्दल सर्वांत चोखंदळ असलेली माणसेच पहिल्यांदा निघून जातात आणि तीच खरे म्हणजे सर्वांत मोठ्याने बोलली असती. नायजेरियातील रेल्वेचे उदाहरण त्यांच्यासमोर होते: मालवाहू ट्रकांची स्पर्धा असूनही रेल्वे सुधारली नाही, कारण जागरूक ग्राहक ट्रकांकडे वळले आणि महसुलातील खोट सरकारी तिजोरीतून भरून निघत राहिली. एकमेव सुपरमार्केटच्या बाबतीत नेमके तेच घडते. वाहनवाले निघून गेल्याने थोडी विक्री घटते, पण त्याबरोबर कटकटही घटते, आणि उरलेल्या ग्राहकांना जायला जागाच नसल्यामुळे त्यांची खरेदी हमखास मिळत राहते. अशा ठिकाणी तक्रार हे एकच साधन शिल्लक असते, आणि नेमके तेच खाली ठेवा असे हा सल्ला सांगतो. घरपोच मागवण्याचा पर्याय सुचवणाऱ्यांनी एवढेच पाहावे, की लवकर नासणारा माल विरळ वस्तीपर्यंत पोहोचवणे कोणालाही महागात पडते. म्हणून जिथे दुकान एकच असते तिथे ही सेवाही बहुधा तोकडीच असते.

दुसरा मुद्दा पुरवठादारांचा. यावर मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण रहिवाशांना सर्वांत जास्त ऐकवले जाणारे उत्तर हेच आहे: ‘वरूनच माल आला नाही.’ कधीकधी ते खरे असते. वादळात रस्ता बंद होतो, कारखान्यात संप होतो, एखाद्या वस्तूची अचानक टंचाई होते. पण कप्पा रिकामा असण्याच्या कारणांचा अभ्यास झालेला आहे. थॉमस ग्रुएन, डॅनियल कॉर्स्टन आणि सुंदर भारद्वाज यांनी 2002 साली अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून दाखवले, की कोणत्याही क्षणी सरासरी 8.3 टक्के वस्तू दुकानात उपलब्ध नसतात आणि त्यांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश प्रसंगी कारण खुद्द दुकानातच असते: मागणी उशिरा नोंदवली जाते, कमी नोंदवली जाते, किंवा माल मागच्या गोदामात पडून असतो आणि तो कप्प्यावर लावायला माणूस नसतो.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते एका कप्प्यासमोर उभे राहून पाहावे. पट्टीवर डायपरचे लेबल आहे, त्याखाली किंमत आहे, आणि मागे पत्र्याची भिंत दिसते आहे. कर्मचारी हातातल्या यंत्राने लेबल वाचतो आणि म्हणतो, ‘सिस्टीममध्ये सहा दिसतायत.’ ती सहा पाकिटे कुठे आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. काही फुटून फेकली गेली असतील, काही चोरीला गेली असतील, एखादे चुकीच्या कप्प्यात असेल. पण संगणकाच्या हिशेबी सहा शिल्लक असल्यामुळे नवी मागणी आपोआप नोंदवली जात नाही. विक्री होत नाही म्हणून आकडा हलत नाही, आणि आकडा हलत नाही म्हणून माल येत नाही. कोणीतरी प्रत्यक्ष मोजून तो आकडा शून्य करेपर्यंत तो कप्पा आठवडेच्या आठवडे तसाच राहू शकतो. ही अपवादात्मक गोष्टही नाही. निकोल डिहोराशियस आणि अनंत रामन यांनी एका विक्रेत्याच्या 37 दुकानांतील सुमारे 3 लाख 70 हजार नोंदी तपासल्या, तेव्हा 65 टक्के नोंदींमध्ये कागदावरचा साठा आणि प्रत्यक्ष साठा यांत फरक निघाला. हा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. तेव्हा एखादी वस्तू तीन आठवडे सलग दिसत नाही असे रहिवासी सांगतो, तेव्हा तो कटकट करत नसतो. दुकानाच्या संगणकाला जे दिसत नाही ते तो फुकटात दाखवून देत असतो.

याच संदर्भात डेव्हिड मॅत्सा यांचा 2011 सालचा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत किंमत निर्देशांकासाठी गोळा होणाऱ्या माहितीचा वापर करून त्यांनी पाहिले, की स्पर्धा वाढली की कप्पे रिकामे राहण्याचे प्रमाण कमी होते. वॉलमार्टच्या स्पर्धेमुळे मोठ्या साखळी दुकानांतील हे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटले. ग्राहक दुसरीकडे जाईल ही भीती निर्माण होताच त्या दुकानांना माल वेळेवर लावणे जमू लागले. मग भीती नसताना ते का जमत नव्हते, याचे उत्तर केवळ पुरवठादारांकडे बोट दाखवून देता येणार नाही.

‘किमती तर सगळीकडे सारख्याच आहेत, मग तक्रार कसली’ असेही विचारले जाते. यातला पहिला भाग पुष्कळदा खरा आहे. अमेरिकेतील साखळी दुकाने आपल्या बहुतेक शाखांमध्ये जवळजवळ एकसारख्याच किमती ठेवतात, असे स्टेफानो डेलाव्हिन्या आणि मॅथ्यू जेंट्झको यांनी 2019 साली दाखवले आहे. मात्र हा नियम सर्वत्र पाळला जात नाही. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने 2000 सालच्या अहवालात, स्थानिक स्पर्धा पाहून काही सुपरमार्केट शाखाशाखांत वेगळ्या किमती लावतात, असे नोंदवून ते लोकहिताविरुद्ध असल्याचे म्हटले होते. पण किंमत सारखी असली तरी प्रश्न सुटत नाही. किंमत छापलेली असते, ती मुख्य कार्यालयातून ठरते आणि तिची तुलना कोणालाही करता येते. कप्पा किती वेळ रिकामा राहिला, रांगेत किती वेळ गेला, जुना माल कधी उचलला, हे कुठेच छापलेले नसते. जिथे मोजमाप नाही तिथेच ढिलाई आधी शिरते.

आता नफ्याचा मुद्दा. किराणा विक्रीतील निव्वळ नफा विक्रीच्या मानाने फार थोडा असतो, हे खरे आहे, आणि मोठ्या साखळ्यांतही तो साधारण एक ते तीन टक्क्यांच्या आसपास असतो. परंतु हे टक्के विक्रीवरचे आहेत, मालात गुंतवलेल्या पैशावरचे नाहीत. शंभराचा साठा वर्षात पंधरा वेळा विकला गेला तर विक्री पंधराशेची होते आणि दोन टक्क्यांच्या दराने नफा तीस होतो. त्यातून इमारत, शीतकपाटे आणि वाहने यांच्यात अडकलेल्या भांडवलाचाही परतावा सुटायचा असतो, हे मान्य. पण ‘दोन टक्के’ हा आकडा ऐकून मनात जे चित्र उभे राहते ते पुरते खरे नसते.

शिवाय सर्व सुधारणांना पैसाच लागतो हेही गृहीतच धरलेले आहे. रांगेचेच पाहा. संध्याकाळची वेळ आहे, पाच काउंटर बांधलेले आहेत, त्यांपैकी एकच चालू आहे आणि रांग मागच्या कप्प्यांमध्ये वळली आहे. रांगांचे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील ए. के. एर्लांग यांच्या 1909 च्या लेखापासून विकसित होत आले आहे, आणि त्याचा सर्वांत साधा हिशेब असे सांगतो, की एकमेव काउंटर 80 टक्के वेळ व्यग्र असेल तर सरासरी प्रतीक्षा चार बिलांच्या वेळेइतकी असते, 90 टक्के असेल तर नऊ बिलांइतकी आणि 95 टक्के असेल तर एकोणीस बिलांइतकी. एका बिलाला दोन मिनिटे लागत असतील, तर 90 टक्के व्यग्र काउंटरसमोर माणूस सरासरी अठरा मिनिटे उभा राहतो. त्याच गर्दीला दुसरा काउंटर उघडला आणि दोन्हींसाठी एकच रांग ठेवली, तर ही प्रतीक्षा अर्ध्या मिनिटावर येते. हा काउंटर दिवसभर उघडा ठेवण्याची मागणी कोणी करत नाही. गर्दीच्या दोन तासांत, कप्पे लावणाऱ्या एका माणसाला तिथे बसवले तरी पुरते. कप्पे लावण्याचे काम गर्दीआधी किंवा गर्दीनंतर होऊ शकते. त्यासाठी पैशापेक्षा वेळापत्रक बदलण्याची इच्छा अधिक लागते, आणि अठरा मिनिटे उभे राहूनही ग्राहक उद्या परत येणारच असेल, तर ती इच्छा आपसूक निर्माण होत नाही.

शहराची खरेदी दुसऱ्या दुकानाला पुरणारी नाही, हे विधान काही ठिकाणी निखालस खरे आहे. टिमथी ब्रेस्नहन आणि पीटर रीस यांनी 1991 साली अमेरिकेतील 202 एकाकी लहान बाजारपेठांचा अभ्यास केला होता. त्यांनी किराणा दुकाने पाहिली नव्हती. डॉक्टर, दंतवैद्य, औषध दुकाने, प्लंबर आणि टायर विक्रेते पाहिले होते. तरी त्यांचा निष्कर्ष इथे उपयोगी आहे: वागणुकीतला मोठा फरक दुसरा आणि तिसरा व्यावसायिक आला की पडतो, त्यानंतरच्या व्यावसायिकांमुळे फारसे बदलत नाही. म्हणजे एकाचे दोन होणे हाच महत्त्वाचा टप्पा आहे आणि लहान शहर नेमके तिथेच अडते.

पण दुसरे दुकान न येण्याचे कारण प्रत्येक वेळी लोकसंख्याच असते असे नाही. मोक्याची जागा विकताना किंवा भाड्याने देताना ‘इथे किराणा दुकान चालवता येणार नाही’ अशी अट करारात घातली जाते आणि ती जागा वर्षानुवर्षे प्रतिस्पर्ध्यांना बंद राहते. हा काही संशयी मनाचा खेळ नव्हे. ब्रिटनने अशा अटींवर निर्बंध घालणारा आदेश 2010 साली काढला, आणि टेस्को या तिथल्या मोठ्या सुपरमार्केट साखळीने त्याचा 23 वेळा भंग केल्याचे तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने 2020 साली जाहीर केले. न्यूझीलंडने 2022 साली कायदा करून किराणा क्षेत्रातील अशा अटींवर बंदी आणली. म्हणून ‘शहरच लहान आहे’ हे उत्तर स्वीकारण्याआधी रिकाम्या पडलेल्या जागांचे करार एकदा पाहायला हवेत. ते काम नगर प्रशासन करू शकते, आणि रहिवाशांनी ते मागितलेच नाही तर कोणी करणार नाही.

‘एवढे सोपे असेल तर स्वतःच दुकान काढा’ या आव्हानाला मी हलके लेखत नाही. फ्लॉरिडातील बाल्डविन या लहान गावाने खरोखरच 2019 साली नगरपालिकेचे किराणा दुकान काढले आणि 2024 साली ते बंद करावे लागले. दुकान चालवणे कठीण आहे. त्याच वेळी हेही विसरू नये, की 1844 साली इंग्लंडमधील रॉचडेल येथे 28 जणांनी एकत्र येऊन जे सहकारी दुकान उघडले, त्यामागे भेसळ आणि कमी वजन यांबद्दलची तक्रारच होती, आणि जगभरची ग्राहक सहकारी चळवळ त्याच दुकानाचा आदर्श ठेवून वाढली. मात्र तक्रार करण्याचा हक्क मिळवण्यासाठी आधी दुकान काढून दाखवावे लागते, ही अट मला मान्य नाही. पूल खचला असे सांगणाऱ्याला पूल बांधता येण्याची गरज नसते.

तक्रारींमुळे दुकान बंद पडेल, ही भीती सर्वांत परिणामकारक ठरते, कारण ती खऱ्या काळजीला हात घालते. एकमेव दुकान गेल्यावर शहराचे काय होते हे लोकांनी पाहिलेले असते. पण दुकान बंद होते ते विक्री आटल्यामुळे, आणि विक्री आटते ती न बोलता निघून गेलेल्या ग्राहकांमुळे. बोलणारा माणूस अजून तिथेच खरेदी करत असतो. ज्याने मनातून दुकान सोडले आहे, तो तक्रारीचा कागद भरत बसत नाही.

शेवटचा मुद्दा कर्मचाऱ्यांचा, आणि इथे मी समोरच्या बाजूशी अर्धा सहमत आहे. रांगेत कंटाळलेला माणूस काउंटरवरच्या मुलीवर खेकसतो, हे मी अनेकदा पाहिले आहे आणि ते अन्यायाचे आहे. किती काउंटर उघडायचे, पाळीवर किती माणसे ठेवायची, साठा कधी मोजायचा, यांपैकी काहीही तिच्या हातात नसते. एकट्या काउंटरचा ताण ग्राहकापेक्षा तिलाच अधिक सोसावा लागतो. म्हणूनच तक्रार लेखी असावी आणि पाळ्यांचे वेळापत्रक ज्याच्या सहीने ठरते त्याच्याकडे, म्हणजे शाखा व्यवस्थापकाकडे आणि त्याच्यावरच्या कार्यालयाकडे जावी. तिच्यात वस्तूचे नाव, तारीख, वेळ, चालू काउंटरांची संख्या आणि रांगेतील मिनिटे असावीत, आणि तिची एक प्रत आपल्याजवळ राहावी. महिनाभर वीस घरांनी अशा नोंदी ठेवल्या, तर ‘सिस्टीममध्ये सहा दिसतायत’ या उत्तरासमोर ठेवायला वीस घरांच्या तारखा असतील, आणि काउंटरवरच्या त्या मुलीलाही, दुसरा माणूस द्या असे वर सांगताना, एकटीच्या शब्दावर विसंबावे लागणार नाही.