‘एक्स्टर्नल मागितली, इंटर्नल गळ्यात मारली’ या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तक्रार अशी, की तुम्ही दोन टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यायला आलात आणि आम्ही जास्त नफ्यासाठी इंटर्नल गळ्यात मारली. फिटिंगचे पैसे वेगळे घेतले. दोन टीबी सांगून डिस्क १.८१ टीबीच दाखवते. आणि परवा तुमच्या मुलाने ती काढून लॅपटॉपला केबलने जोडली तर सुरूच झाली नाही, म्हणजे माल खराब.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तुमचे व्हिडिओ त्या डिस्कमध्ये आहेत. ती बिघडली असं आत्ताच धरून चालू नका. सीपीयूच्या कॅबिनेटमध्ये बसते ती साडेतीन इंची डिस्क. तिची मोटर १२ व्होल्टवर फिरते आणि लॅपटॉपचा यूएसबी पोर्ट देतो ५ व्होल्ट. नुसत्या कन्व्हर्टर केबलवर ती फिरणारच नाही, कोणत्याही कंपनीची असो. छोटी अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते, म्हणून पोर्टेबलला, म्हणजे छोट्या एक्स्टर्नल डिस्कला, वेगळा अ‍ॅडॉप्टर लागत नाही. तुमची डिस्क पुन्हा कॅबिनेटमध्ये, आधी होती त्याच वायरींना लावा. सीपीयू पूर्ण बंद करून, प्लग काढून मगच हात घाला. आणि एक कळकळीची विनंती: कुठल्याही मशीनवर ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणा. काही कन्व्हर्टर डिस्कवरची मांडणी वेगळ्या हिशोबाने वाचतात, त्यामुळे भरलेली डिस्कसुद्धा विंडोजला कोरी वाटते. डेटा जागेवरच असतो. फॉरमॅटला ‘हो’ म्हटलं की खरं दुखणं सुरू होतं.

आता इंटर्नल का दिली ते सांगतो.

तुम्ही रिव्ह्यूमध्ये लिहिलंय की नाचाच्या क्लासचे व्हिडिओ तुम्ही घरच्या कॉम्प्युटरवर एडिट करता आणि सी ड्राइव्ह भरला होता. काउंटरवरही आम्ही तेच विचारलं होतं: डिस्क कशाला हवी, फाइल ठेवून द्यायला की तिच्यावर रोज काम करायला? तुम्ही म्हणालात, रोज. उत्तर तिथेच ठरलं. तुमच्या सीपीयूचे पुढचे-मागचे सगळे पोर्ट यूएसबी २.० आहेत, म्हणजे जुन्या, कमी वेगाच्या पिढीचे. कागदावर त्यांचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात ३० ते ४० एमबी (मेगाबाइट, आठ बिटांचा एक बाइट) मिळाले तरी भरपूर. तुम्ही पाहिलेली पोर्टेबल खोक्यावर ३.० ची होती, पण पोर्ट २.० चा असला की तीही त्याच वेगाने चालणार. १०० जीबी फुटेज कॉपी करायला पाऊण तास जाईल. तीच कॉपी आत सॅटावर (मदरबोर्डवरच्या डिस्कसाठीच्या जोडणीवर) बसलेल्या डिस्कला, सेकंदाला दीडशे एमबी धरले तर, साधारण अकरा मिनिटांत होते. एडिटिंगमध्ये तर क्लिप पुढे-मागे करताना दर वेळी डिस्क वाचली जाते, त्यामुळे हा फरक दिवसभर जाणवतो.

वेगापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती केबलची. जुन्या कॅबिनेटचे पुढचे पोर्ट सैल झालेले असतात. काम चालू असताना टेबलाला धक्का लागला, केबल क्षणभर हलली, की ड्राइव्ह गायब. क्लिप सापडत नाहीत, आणि त्याच क्षणी प्रोजेक्ट सेव्ह होत असेल तर फाइलच खराब होते. अशा डिस्का घेऊन लोक आमच्याकडे येतात. त्यांचे चेहरे पाहिले असल्यामुळेच आम्ही काउंटरवर एवढे प्रश्न विचारतो. त्यातून बऱ्याच नव्या पोर्टेबल डिस्कना आत सॅटाची पिन नसते, यूएसबीचा पोर्ट थेट डिस्कच्या बोर्डावरच झाळलेला असतो. तो पोर्ट तुटला तर डिस्क काढून दुसऱ्या खोक्यात घालून चालवू, हा जुना उपाय चालत नाही. मग डेटा काढायचा खर्च डिस्कच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट खोक्यावर मोठ्या अक्षरांत कधी लिहिलेली नसते. अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये डेटाच्या पट्ट्या छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त माल बसतो. थोडं थोडं लिहायला ठीक, पण तासभर सलग फुटेज ओतलं की वेग पार कोसळतो. अशा डिस्का इंटर्नलमध्येही येतात. म्हणून तुम्हाला दिलेलं मॉडेल कंपनीच्या माहितीपत्रकात बघून, साध्या पट्ट्यांचं निवडून दिलं. बिलावर मॉडेल नंबर आहे, मुलाला ताडून बघायला सांगा.

नफ्याबद्दल एकच सांगतो. बंद खोकं काउंटरवरून द्यायला दोन मिनिटं लागतात. इंटर्नल म्हणजे कॅबिनेट उघडा, आतली धूळ साफ करा, पॉवरची मोकळी पिन शोधा, डेटा केबल टाका, चार स्क्रू मारा, मग विंडोजमध्ये डिस्क इनिशियलाइझ (पहिल्या वापरासाठी तयार) करून फॉरमॅट करा, कारण नवी कोरी डिस्क लावल्या लावल्या ‘माय कॉम्प्युटर’मध्ये दिसत नाही. फिटिंगचे पैसे या कामाचे आहेत, केबल त्यातच धरलेली आहे, आणि काम सुरू करण्याआधी आकडा तुम्हाला सांगितला होता.

१.८१ चं म्हणाल तर कंपनी एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. एक टीबी ९३१ जीबी दिसते, चार टीबी ३.६३. ठाण्यात घ्या, मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात लॅमिंग्टन रोडवर घ्या, ऑनलाइन घ्या, हाच आकडा येणार. यातली जागा कुणी काढून घेतलेली नाही.

एक्स्टर्नलला आमचा विरोध नाही, रोज विकतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये दुसऱ्या डिस्कला जागाच नसते, तिथे दुसरा पर्याय कुठला? क्लासमधून घरी फाइल न्यायची असेल, आज विंडोज उद्या मॅक असं चालत असेल तर पोर्टेबलच घ्यावी आणि ती एक्सफॅट या, विंडोज आणि मॅक दोघांनाही चालणाऱ्या मांडणीत फॉरमॅट करावी. फॅट ३२ या जुन्या मांडणीत चार जीबीच्या वरची एक फाइल मावत नाही, आणि मॅक एनटीएफएस (विंडोजची नेहमीची मांडणी) डिस्क वाचतो पण आपणहून तिच्यावर लिहीत नाही. शिवाय व्हिडिओंची दुसरी प्रत ठेवायला एक्स्टर्नलसारखं सोयीचं काही नाही. फक्त ती प्रत कायम कॉम्प्युटरला लटकवून ठेवू नका. रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, आलं तर जोडलेली प्रत्येक डिस्क कुलूपबंद करू शकतं, आणि विजेचा झटका आला तर दोन्ही एकदम जाऊ शकतात. कॉपी झाली की काढून कपाटात, जमलं तर दुसऱ्या घरात. २६ जुलै २००५ ला मुंबई-ठाण्यात तळमजल्यांवर पाणी शिरलं तेव्हा एकाच खोलीत ठेवलेल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत ठरली. डिस्कची वॉरंटी कंपनी देते, बदलून दुसरी मिळते, आतल्या व्हिडिओंची वॉरंटी कुणीच देत नाही.

तुम्हाला डिस्क बदलून हवी आहे. वापरलेली, डेटा भरलेली डिस्क आम्ही परत घेऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकत नाही. हा नियम तुमच्याच फाइलींच्या हिताचा आहे, त्यामुळे तो मोडणार नाही. पण तुमची खरी अडचण, मुलाच्या लॅपटॉपवर ते व्हिडिओ दिसत नाहीत ही, नवीन काही न घेता सुटू शकते. दोन्ही मशीन घरच्या एकाच वायफाय राउटरवर असतील तर फोल्डर शेअर करता येतो आणि लॅपटॉपवरून सरळ उघडता येतो. सेटिंग आम्ही करून देऊ, पैसे घेणार नाही. वेगाबद्दल शंका असेल तर कुणाचीही पोर्टेबल आणा, तुमच्याच सीपीयूवर एकच फोल्डर दोन्ही डिस्कवर कॉपी करून घड्याळ लावून बघू.

सीपीयू जिन्यावरून उतरवून आणायची गरज नाही. बिलावरच्या नंबरवर फोन करून वेळ सांगा, आमच्या दुकानातला मुलगा घरी येऊन डिस्क परत जोडून, तपासून देईल. तोवर ती लॅपटॉपला लावू नका.